वरचे अकरा चौकोन

कागदावर बूम-लिफ्ट. आम्ही पाळणा म्हणतो.
कंपनीने तो तीन आठवडे भाड्याने दिला
चित्रकारांना, माझ्यासकट.
शारजात, रोला बाजारामागे, शिंप्यांच्या गल्लीत
त्या पिवळट मागच्या भिंती,
जिथे एसीचं पाणी दिवसभर ठिबकतं
आणि शहर पाठ करूनच चालतं,
त्यांना आता रंग लागणार होता.

मी मुश्ताक चौगुले, बाणकोटचा.
हाताखाली दांडी: वर, खाली, थोडं डावीकडे.
शुवय्या, शुवय्या, इहसान म्हणायची. हळू.

इहसान खार्तूमची. चार मजली बाईचा चेहरा काढत होती.
पाळण्यातून मला त्यातली एकच पापणी दिसे,
वल्ह्याएवढी. दोन दिवस आम्ही त्या पापणीत होतो.
मधूनच ती ब्रश दातांत धरून
तिकडच्या शेजारणीला फोन लावी.
घर उभं आहे का, एवढंच विचारायचं होतं.
लागायचाच नाही.
मग मला बोट दाखवी: शुवय्या. वर.

गुलशेरला पाळणा नको होता, शिडीच हवी.
पेशावरकडे ट्रक रंगवून बसलेला हात,
आखणी नाही, पेन्सिल नाही, अंगठ्याला थुंकी.
विजेच्या खोलीवर त्याने मोर उतरवला
आणि धोक्याची पाटी, कवटीसकट, तुऱ्यात ओवून टाकली.
बलदियाचा माणूस आला, पाहत राहिला,
हसू दाबून म्हणाला, कवटी वाचता आली पाहिजे.
आत्ताच तर वाचतील, गुलशेर म्हणाला.

आणि सोहारचा हमद, तेवीस वर्षांचा.
पाळणा दुसऱ्या मजल्यावर गेला न गेला
तोच त्याने डोळे मिटले, कठडा धरला.
ओठ हलत होते. आयत ओळखीची होती,
पहिल्यांदा चढलो तेव्हा मीही तीच म्हटली होती.
खाली आणलं. कुणाला बोललो नाही.

त्याचं चित्र म्हणजे भिंतीवर गच्ची:
पाण्याच्या टाक्या, गंजलेल्या डिश, तीन पायांची खुर्ची,
कबुतरांना टाकलेला कालचा भात.
भिंतभर चौकोन आखलेले, प्रत्येकात आकडा.
खालचे त्याने भरले. वरचे अकरा उरले.
चाचा, तो म्हणाला, आणि पुढे काही नाही.
ब्रश मात्र माझ्याकडे केला.

होड्यांच्या नाळेवर नावं घातलीत मी, बापाच्या हाताखाली.
रेघ कुठे थांबवायची ते बोटांना ठाऊक.
तो खालून फोनवर सांगे:
सत्तावीस, आकाश. अठ्ठावीस, दोरी.
एकोणतीस ते एकतीस, वाळत घातलेला कपडा, राखाडी.

राखाडी?
ती तर लुंगी होती, चौकड्यांची.
कॅम्पच्या गच्चीवर रोज बघतो, कुणाची बंगाली, कुणाची मलबारी,
एक माझी, हिरवी, लाल काठाची.
मी हिरवा डबा उघडला.

फोन गप्प. मग हमदचा आवाज: एवढी हिरवी?
एवढीच असते, मी म्हटलं.
बराच वेळ वारा ऐकू येत राहिला,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.
बरं, तो म्हणाला.

पाटी नंतर लागली. आठ नावं, सात देश,
खाली रंगाच्या कंपनीचं चिन्ह.
त्या दिवशी मी अजमानला होतो,
काचा पुसणाऱ्यांना घेऊन विसाव्या मजल्यावर.

शुक्रवारी गेलो. पलीकडच्या पार्किंगमधून
पहिल्यांदा सगळं दिसलं.
पापणीला बाई होती.
ती वाट वगैरे बघत नव्हती, नुसती जागी होती.

फोन फिरवून जुबेदाला दाखवलं.
मोर तिला आवडला. बाई जरा मोठी वाटली.
लुंगीवर आली, थांबली.
चिमटा नाय लावलास? ती म्हणाली.
वाऱ्यावर जाईल.

रात्री शमाल सुटला.
खोलीत आठ जण झोपलेले, खिडकीवर वाळू आपटत होती.
मी उठून बसलो.